टोपलीखालची वाघाटी

टोपली हलली.

मी चुलीपाशी बसून नखांतला चिखल काढत व्हती. दिवसभर आवणी, भाताची रोपं लावून लावून कंबर मोडलेली, आणि कोपऱ्यात उपडी घातलेली टोपली आपोआप वीतभर पुढं सरकली. मला वाटलं उंदीर. उंदीर लागला वाघाटीला, आता उद्या बारशीला भाजी कशाची करू? म्हणून उठली आणि न बघता कडेनं हात घातला खाली.

आतून फिस्स झालं. माज्या बोटात सुईसारखं कायतरी घुसलं.

टोपली जरा वर उचलली गेली तेवढ्यात दिसलं ते दिसलं. केस. त्यावर काळे ठिपके, ओळीनं. आणि दोन डोळे, तोंडापेक्षा मोठे.

मी टोपली दाबली खाली, आणि तिच्यावर पडलीच, अख्ख्या अंगानं. ओरडली का नाय ते मला आजपण आठवत नाय. लेक सांगते, तू ओरडलीस आणि कोंबड्या उडाल्या. मला एवढंच आठवतं की माज्यापासून पाच हातांवर झोळीत माजा तान्हा झोपलेला, पाच महिन्यांचा, आणि माज्या पोटाखाली टोपलीत ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू. आणि पिल्लू घरात म्हंजे त्याची आई मागावर. हे मला कोणी शिकवायला नको. मी पण आईच हाय.

आता हे झालं कसं ते सांगते, नायतर तुमाला वाटेल या बाईला अक्कल नाय.

माजं माहेर सापगावचं, रस्त्याकडचं गाव. तिकडं शहापूरचा बाजार जवळ, रान लांब. लग्न करून आली ती इकडं, वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. आठ वर्षं झाली तरी मला रानाची भीती जात नाय. रात्री पान हललं तरी मी उठून बसते. नवरा हसतो. तो कल्याणला कंपनीत, आठ दिवसांनी येतो, त्याला काय हसायला.

तर वाघाटी. वाघाटी म्हंजे आमच्यात काय, तर काटेरी वेलीचं हिरवं फळ, लिंबाएवढं, कडू. उकडून, पाणी काढून भाजी करायची. एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी बारस, आणि बारशीचा उपास वाघाटीच्या भाजीशिवाय सोडायचा नाय, सासूचा नेम हाय. मी तीन दिवस लेकीच्या मागं लागलेली, शाळेतून येताना बांधावर बघ गो, वाघाटी मिळाली तं आण. लेक दुसरीला, सात वर्षांची. त्या दिवशी मी शेतावरून आली, तान्ह्याला पाजून झोळीत घातला, मागल्या दारी पाय धूत व्हती, तेवढ्यात ती पडवीतून ओरडली,

"आये, वाघाटी आणली!"

"ठेव टोपलीखाली. कोंबड्या चोच मारतील."

तिनं ठेवली. सांगितलं तसं केलं पोरीनं, तिची काय चूक?

आता मी टोपलीवर पडलेली, आणि ती दारात उभी, मेणकापड डोक्यावर, पाणी गळतंय.

"काय आणलंस तू? काय आणलंस गो हे?"

"वाघाटी. तूच बोललीस ना."

"ही वाघाटी?"

"हां मंग! वेलीखालीच व्हती. वर फळं व्हती वाघाटीची, आणि खाली ही वाघाटी. मला वाटलं तुला हीच पायजे."

"भाजी करायला?"

"बघायला गो! मुंबईला तू बघितलीच नायस. तू बाहेर बाकड्यावर बसलेलीस."

तेवढ्यात मागून सासू आली, भिंतीला हात लावत लावत. तिच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस समजतं तिला, तोंड समजत नाय. तिला सगळ्यातलं एकच ऐकू गेलं.

"कोण वाघ बोललं? दिवस कलला आणि घरात नाव घेता त्याचं?"

आमच्या वाडीत ते नाव कोणी घेत नाय. बिबळ्या असो काय असो, जनावर बोलायचं. वाडीच्या शिवेवर देव हाय, वाघाच्या रूपाचा, शेंदराचा, त्याचं नाव पण नुसतं देव.

"आजे, वाघ नाय, वाघाटी," लेक बोलली.

"परत घेतलं!"

"आई," मी टोपलीवरूनच बोलली, "पोरीनं पिल्लू आणलंय. ठिपक्याचं."

सासू सरळ झोळीपाशी गेली, चाचपडली, तान्ह्याला उचलला, छातीशी धरला आणि भिंतीला पाठ लावून बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मुंबईचं सांगायचं राहिलं.

डिसेंबरात शाळेची सहल गेलेली, मुंबईच्या प्राण्यांच्या बागेत. आमची शाळा लहान, पोरं सतरा, मास्तरीणबाई एकटी. ती बोलली दोन आया पायजेत सोबत. एक माजी जाऊ तयार झाली आणि दुसरी मी. मला सातवा महिना. सासूनं घर डोक्यावर घेतलं. "पोटुशी बाई जनावरं बघायला जाते? पोरगं अस्वलावर गेलं मंग?" पण मला जायचंच व्हतं. मी सातवीपर्यंत शिकली, मंग शाळा सुटली, आणि माज्या शाळेची सहल कधी गेलीच नाय. हत्ती मी पुस्तकात बघितलेला, तो पण काळा-पांढरा.

काय सांगू तुमाला! पाणघोडा बघितला, आमच्या खोलीएवढा. तो तोंड उघडतो तेव्हा सगळी पोरं एकदम मागं. अस्वल बघितलं आणि जाऊ माज्या पोटाकडं बघून हसली. एक ताई व्हती तिकडची, खाकी कपड्यातली, पोरांना झाडाखाली बसवून शिकवत व्हती. ती बोलली, जी आई आपल्या पिल्लाला अंगावरचं दूध पाजते ती सस्तन. हत्ती सस्तन, वटवाघूळ सस्तन, देवमासा पाण्यात राहतो तरी सस्तन. माज्या लेकीनं हात वर केला.

"मंग माजी आये पण सस्तन?"

सगळी हसली. मी लाजून मेली. पण ताई हसली नाय. ती बोलली, "हो तर. तुझी आई पण, मी पण. या बागेतल्या कितीतरी आया आणि तुझी आई एकाच घरातल्या."

मंग तिनं आमची वाडी कुठं ते विचारलं, आणि रानाजवळ राहता म्हणून एकेक सांगत गेली. बिबळ्या समोर आला तर पळायचं नाय. पाठ दाखवायची नाय. खाली बसायचं नाय, बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. वाटेनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं. आणि पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाय, आई जवळच असते, शिकारीला गेलेली असते, लांब व्हायचं. चुकून कोणी उचललं असेल तर मोठ्या माणसाला सांगायचं, रानखात्याला सांगायचं, आणि पिल्लू आईला परत मिळायला पायजे. मला हे सगळं पाठ झालं, कारण भित्र्या माणसाला असलं लगेच पाठ होतं.

पण त्यानंतर एक काळोखी खोली व्हती, रात्री फिरणाऱ्या जनावरांची, काचेमागं. तिथं मला गरगरलं. मी बाहेर बाकड्यावर बसली, जाऊ माजी पाठ चोळत बाजूला. पोरं आत जाऊन आली. लेक आली ती नाचत, "आये, वाघाटी बघितली, रानमांजर, एवढीशी व्हती! म्हातारी झाली तरी एवढीशीच राहते! मांजरापेक्षा लहान!" मी हां हां केलं. मला उलटी येत व्हती, काय ऐकणार?

म्हणून त्या दिवशी टोपलीवर पडल्या पडल्या मला समजलं, की सगळ्या बागेतलं मी नेमकं हेच बघितलं नाय.

"आये, फोटो हाय ना," लेक बोलली. "बाईंनी काढलेला. बघ ना."

खरंच व्हता. बाईंनी सगळ्यांचे फोटो पाठवलेले. मी पाटा ओढून टोपलीवर ठेवला, हात पुसले, बोटातून रगत येतंय, फोन काढला. लेक काचेपुढं उभी, दात काढून. मागं काच, काचेत फोनचाच उजेड चमकलेला, जनावर दिसत नाय. आणि बाजूला पाटी. मी मोठा करून वाचला. वा. घा. आणि त्याच्यापुढं लेकीचं डोकं.

"काय लिवलंय?" सासू.

मी काय सांगू? "वाघा लिवलंय," मी बोलली.

"झालं मंग."

"पुढं टी हाय!" लेक पाय आपटायला लागली. "माज्या डोक्याच्या मागं टी हाय! वाघाटी! कपाळावर दोन पांढऱ्या रेघा असतात, ताई बोलली, बघा ना तिच्या कपाळावर!"

टोपली उघडून बघायची माजी टाप नव्हती.

आवाज ऐकून जाऊ आली शेजारच्या दारातून. तिनं सगळं ऐकलं, टोपलीच्या फटीला एक डोळा लावला आणि दोन पावलं मागं आली.

"ठिपके हायेत गो."

"रेघा दिसल्या का?" मी विचारलं.

"ठिपके दिसले ते बस झाले मला. दे ती टोपली. ओहोळाला पाणी हाय भरपूर, सोडून येते."

"काकी नको!" लेक टोपलीला मिठी मारून बसली.

"अगो, तुजी ती मुंबईची ताई येणार हाय काय हितं झोपायला? पोटुशी आईला घेऊन गेली आणि जनावर शिकून आली. तान्हा हाय घरात, समजतं का? त्या पिल्लाची आई वास काढत येईल, दाराला कडी पण धड नाय तुमच्या."

ती वाईट नाय, माजी जाऊ. तिच्या शेळ्या गेल्यात दोन, मागल्या वर्षी, गोठ्यातून. तिची भीती खोटी नव्हती.

मी नवऱ्याला फोन लावायला जांभळीखाली पळाली, टॉवर तिथंच मिळतो. रानखात्याच्या माणसाचा नंबर त्याच्याकडं. फोन लागला पण अर्धा अर्धा.

"पिल्लू? कसलं पिल्लू?"

"पोरगी बोलते वाघाटी."

"वाघाटी आणली तं भाजी कर, मला कशाला... हॅलो?"

"भाजी नाय हो! जनावर! पिल्लू!"

"फोटो पाठव. मी गार्डला लावतो. मी येईपर्यंत काय करू नकोस, रात्री पोचतो, कोंडून ठेव..."

गेला. सहलीतलाच फोटो पाठवला, तो गोल गोल फिरत राहिला.

कोंडून ठेव. रात्रीपर्यंत. आणि मधे ती आली तर?

मी परत आली तेव्हा दिवस डोंगरापासून दोन हात वर. आणि तेव्हा टोपलीतून आवाज आला. फिस्स नाय. बारीक, पक्ष्यासारखा, चीं चीं, थांबून परत चीं. तान्ह्याला भूक लागली की तो पहिला असाच बारीक कुईकुई करतो, मंग मोठ्यानं.

खोटं सांगत नाय, माजा पदर भिजला. तान्हा सासूच्या मांडीवर झोपलेला, तो रडत पण नव्हता, आणि माज्या अंगाला दूध सुटलं त्या टोपलीतल्या आवाजानं. मला माजीच लाज वाटली आणि भीती पण वाटली. आणि त्या ताईचं बोलणं आठवलं, एकाच घरातल्या. कुठंतरी बांधापलीकडं कोणाच्या तरी अंगाला असंच दूध सुटलं असेल, आणि जागेवर पिल्लू नाय. ती वाघीण असो नायतर मांजर.

मंग माज्या डोक्यात आलं, वाघ असो, वाघाटी असो, ताईनं सांगितलेलं तर एकच हाय. पिल्लू आईला परत. वाघ असला तर जास्तच परत, आणि आत्ताच परत, अंधार पडायच्या आत. पण जागा कुठली ते लेकीलाच माहीत. म्हंजे लेकीला घेऊन जायला पायजे. पोरगी खरं बोलते तर काय भीती नाय. ती चुकली असेल तर मी माज्या हातानं तिला जनावराच्या तोंडात नेणार.

मी तिच्यापुढं बसली. "खरं सांग. नक्की वाघाटी?"

"नक्की."

"तू अंधारात बघितलेली, काचेतून, एकदा."

"तीनदा बघितली. रांगेत परत लागून."

"मंग हात कशाला लावलास? ताईनं सांगितलेलं ना?"

आता मात्र तिचा चेहरा पडला. ओठ काढला. "भिजलेली. ओरडत व्हती. मी ये बोलली तं आली."

मी उठली.

"खुळी झालीस काय?" सासू बोलली. "सात वर्षांच्या पोरीचं ऐकून रानात जातेस?"

"तुमी तान्ह्याला घेऊन बसा. दार लावा. रडला तर साखरेचं पाणी नका देऊ, मी येते."

"आणि नाय आलीस तं?"

मी पाटा काढला, टोपलीखाली फडकं सरकवून ती सुलटी केली आणि वर गाठ मारली. जाऊनं कोयता आणून माज्या हातात दिला, आणि माज्याकडं न बघता बोलली, "ओहोळ सोपा व्हता."

आमी निघालो. माज्या डोक्यावर टोपली, वर फडकं बांधलेलं, एका हातात कोयता, दुसऱ्या हातात लेक. पाऊस थांबलेला पण झाडं गळत व्हती. सासूचं म्हणणं, दिवस कलल्यावर रानात तोंड उघडायचं नाय. ताईचं म्हणणं, मोठ्यानं बोलत जायचं. मी ताईचं ऐकलं, पण बोलायला काय सुचेना. मंग लेकीनं पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार. मी पण तिच्यामागं. पाचाचा येईपर्यंत आमी शिवेवर आलो.

तिथं देव. शेंदरी, दगडातला, चार पायांवर उभा. मी थांबली, टोपलीसकट मान वाकवली, मनात बोलली, देवा, हे तुजं असेल तर आमी चोरलं नाय, पोर हाय, चुकली. आणि पुढं चालायला लागली तर लेक माजा पदर ओढते.

"आये, पाठ नको दाखवू!"

"काय?"

"ताई बोलली ना! त्याला पाठ दाखवायची नाय. हळूहळू मागं मागं जायचं."

"अगो तो जिवंत बिबळ्याला नियम, हा देव हाय!"

"देव हाय तं काय, वाघच हाय ना?"

उभी राहून वाद घालायला टाइम नव्हता. आमी दोघी देवाकडं तोंड करून उलट्या चाललो. एक पाऊल, दोन पावलं, मी चिखलात घसरली, टोपली धरली, आतलं फिसकारलं, लेक खुदकन हसली, आणि मला पण हसू फुटलं. डोक्यावर जनावर, हातात कोयता, आणि आमी मायलेकी उलट्या चालत हसतोय. कोणी बघितलं असतं तर आमालाच झपाटलं बोलले असते. करवंदीच्या वळणावर देव दिसायचा बंद झाला तेव्हा आमी सरळ झालो.

"आता गप," लेक बोलली. "जवळ आलं."

दोन शेतं ओलांडून एक ऐनाचं जुनं खोड हाय, आतून पोकळ. त्यावर वाघाटीची वेल चढलेली, हिरवी फळं लटकलेली. खरंच व्हती वेल. खाली खोडात सुका पाला, आणि त्या पाल्यात एक खड्डा, माज्या दोन ओंजळी मावतील एवढा.

तो खड्डा बघून मला पहिला जरा धीर आला. एवढ्यात बिबळ्याची आई मावेल?

पण तिनं आणून टाकलं असेल तर? खड्डा पिल्लाचा असेल, तिचा नाय. धीर लगेच गेला.

मी टोपली खाली ठेवली, फडकं सोडलं, टोपली कडेवर कलती केली. ते बाहेर आलं. ओलं, माज्या तळहाताएवढं, डगडगत. माज्या पायाकडं बघून तोंड उघडलं. आणि तेव्हा, उजेड अजून व्हता, मला कपाळ दिसलं. दोन पांढऱ्या रेघा, नाकापासून वर.

"बघ," लेक कुजबुजली. "टी."

ते पिल्लू खोडात शिरलं. आमी मागं सरलो, पाठ न दाखवता, पार बांधापर्यंत. तिथं माळा हाय, रानडुकरं हाकायचा, चार खांबांवर. वर चढलो. मला घरी पळायचं व्हतं. तान्हा, दूध, सासू, सगळं ओढत व्हतं मला. पण ती आली नाय तर पिल्लू मरेल, आणि ती आली आणि ती मोठी असेल तर मला समजायला पायजे, आज दार कसं लावायचं ते. रेघा दिसल्या तरी माजं मन मानत नव्हतं. मी बाकड्यावर बसलेली ना.

किती वेळ गेला माहीत नाय. डोंगर काळा झाला. बेडूक ओरडायला लागले. लेकीनं माज्या हाताला चिमटा काढला.

बांधावर कायतरी आलं. मी कोयता घट्ट धरला. ते थांबलं, मान वर केली. आमच्या घरच्या बोक्याच्या अर्ध्याएवढं व्हतं. अर्ध्याएवढं! राखाडी, बारीक शेपूट, डोळे मोठे. खोडात शिरलं, आतून चीं चीं चीं एकदम, मंग एकदम गप. आणि बाहेर आली ती मानेला धरून पिल्लू घेऊन. माळ्याकडं बघितलं पण नाय आमच्या. सरळ बांध उतरून करवंदीत. पाठ दाखवून गेली.

लेक माज्या कानात बोलली, "सस्तन."

मला रडायला आलं आणि हसायला पण आलं, मी तिला एवढी जोरात दाबली की ती बोलली, आये, हाड मोडेल.

घरी येताना आमी धावलो. देवापाशी फक्त चाललो, उलट्या.

घरी दार आतून बंद, दाराला पाटा लावलेला, मागं मुसळ. तान्हा बाहेरपर्यंत ऐकू येत व्हता. सासूनं माजा आवाज ऐकून उघडलं, तान्हा माज्या हातात कोंबला आणि माजा हात चाचपला, मंग लेकीचं डोकं, मंग पाठ, पाय. सगळं जागेवर हाय का बघितलं.

"केवढी व्हती?"

"बोक्याच्या निम्मी."

सासूनं दाराला परत मुसळ लावलं. मंग बोलली, "आणि जनावर असतं तं?"

तान्हा पीत व्हता. मी त्याच्याकडं बघत बसली.

नवरा रात्री आला, सगळं ऐकून पहिला ओरडला, मंग लेकीला खांद्यावर घेऊन नाचला. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेली, बोटाला चावलेलं ना, सुई घ्यायला पायजे. तिकडच्या माणसानं वहीत लिवायला विचारलं, काय चावलं?

"वाघाटी."

त्यानं पेन खाली ठेवला. "वहिनी, वाघाटी मी आज सकाळी खाऊन आलोय. ती चावत नाय, चावायची असते."

बारशीची भाजी आमच्याकडं झालीच नाय त्या वर्षी. सासूनं उपास जाऊच्या घरी सोडला, आणि जाऊनं वाडगा देताना बोलली, "घे, ही न ओरडणारी हाय."

शाळेत लेकीनं उभं राहून सगळं सांगितलं. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मंग मला बाजूला घेऊन ओरडल्या. तुमी रानखात्याची वाट बघायला पायजे व्हती, कोणीतरी मोठं माणूस सोबत न्यायला पायजे व्हतं, पोरीला नेणं चूक. बरोबर हाय त्यांचं. मंग त्याच बोलल्या, हे लिहून काढा, जसं बोलता तसंच. म्हणून लिवलं.

तो फोटो अजून हाय फोनात. वाघा, आणि पुढं माज्या लेकीचं डोकं. सासूचा प्रश्न पण अजून हाय, जनावर असतं तं? मी रोज भाकरी थापताना त्याच्यावर विचार करते. घरात एक पोर, हातात एक पोर, टोपलीत तिसऱ्या कोणाचं तरी पोर, दिवस दोन हात वर, आणि नक्की काय ते सांगणारी घरात एकच, सात वर्षांची, जिनं काचेतून तीनदा बघितलेलं. तुमी असता, तर काय केलं असतं?